आप्पांची पिवळी गोळी पांढरी झाली

पत्र असं आहे:

"मी चाकणला कंपनीत कामाला आहे, घर पारोळा तालुक्यात. आप्पांना शुगर आहे. जळगावच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी एम्पाग्लिफ्लोझिन 10 ची गोळी सुरू केली. ती फिकट पिवळी, गोल असायची, एकेक गोळी साठ रुपयांच्या आसपास पडायची. या वेळी डॉक्टरांनी चिठ्ठीवर ब्रँड न लिहिता नुसतं औषधाचं नाव लिहिलं आणि गावच्या मेडिकलवाल्याने वेगळ्याच नावाची, पांढरी, लांबट गोळी दिली, नऊ रुपयाला एक. माय गोळ्या रंगावरून देते. तिने हातात घेताच सांगितलं, 'हाई ती गोळी नई शे.' आप्पा म्हणतात, 'साठनी गोळी नऊ रुपयाले? मंग नकलीच व्हई.' सहा दिवस झाले, त्यांनी गोळी घेतलेली नाही. जुन्या चार शिल्लक आहेत. आता त्यांचं म्हणणं, सकाळी जुनी आणि रात्री नवी घेतो, म्हणजे कळेल. मी नव्या गोळीचा फोटो मागवून तिच्यावरची अक्षरं मोबाइलवर शोधली, तर अमेरिकेतली कुठली तरी झोपेची गोळी दाखवली! गोळी खरी की खोटी, ओळखायची कशी? आणि मायची थायरॉइडची गोळीही अशीच स्वस्तातली करावी का?"

भाऊ, ओळखण्याचं नंतर बघू. आधी आप्पांचं बघा. आज त्यांची उपाशीपोटीची शुगर मोजून घ्या आणि डॉक्टरांना फोन करून सांगा की सहा दिवस गोळी बंद होती. पुन्हा सुरू कशी करायची ते त्यांना ठरवू द्या. राहिलेल्या दिवसांची भरपाई म्हणून जास्त गोळ्या घ्यायच्या नाहीत. सकाळी जुनी आणि रात्री नवी हा तोडगा तर मुळीच नको. दोन्हींमध्ये एकच औषध आहे, म्हणजे आप्पा 10 च्या जागी 20 मिलिग्रॅम घेतील. गोळी बदलल्यावर घरोघरी होणारा सगळ्यात मोठा घोळ हाच: जुनी संपायच्या आत नवी येते, नावं वेगळी, रंग वेगळे, म्हणून घरचे दोन्ही चालू ठेवतात. नकली गोळीपेक्षा याची भीती मला जास्त वाटते.

आता साठची नऊला कशी. ही गोळी शोधून काढणाऱ्या कंपनीकडे तिचं पेटंट होतं, ते भारतात मार्च 2025 मध्ये संपलं. तोपर्यंत इथे ती मूळ कंपनीच्याच हाती होती, म्हणून भावही तिचाच. पेटंट संपल्यावर बऱ्याच भारतीय कंपन्या एकदम बाजारात उतरल्या आणि भाव कोसळला. काहींची गोळी दहा रुपयांच्या आत आली. यात नवल काही नाही. शुगरच्याच दुसऱ्या औषधांचं बघा: विल्डाग्लिप्टिनचं 2019 च्या अखेरीला, डापाग्लिफ्लोझिनचं 2020 मध्ये, सिटाग्लिप्टिनचं 2022 मध्ये आणि लिनाग्लिप्टिनचं 2023 मध्ये हेच झालं. तेव्हाही लोक मेडिकलच्या काउंटरवर हेच विचारत होते. आप्पांना एवढं सांगा की साठातला मोठा हिस्सा मक्तेदारीचा होता, औषधाचा नव्हता. नकली माल करणाऱ्याच्या बाजूनेही विचार करा. त्याला नक्कल करायची तर ज्या नावाला लोक डोळे झाकून जास्त पैसे मोजतात, त्याच नावाची करेल. स्वस्त गोळी कधीच निकृष्ट निघत नाही असं मी म्हणत नाही, निघते. पण नुसत्या भावावरून तिला नकली ठरवता येत नाही.

रंगाचंही तसंच. तुमची जुनी गोळी पिवळी होती ती वरच्या पातळ थरामुळे. त्या थरात लोहाच्या ऑक्साइडचा पिवळा रंग घालतात. औषध आत. दुसऱ्या कंपनीने तो थर पांढरा दिला, गुलाबी दिला, आकार लांबट केला, तरी आतलं औषध तेच राहतं. मूळ कंपनीच्या 10 च्या गोळीवर एका बाजूला 'एस 10' असा ठसा असतो आणि 25 ची गोळी लंबगोल असते. ही त्या कंपनीची खूण झाली, औषधाची नव्हे.

मोबाइलवर झोपेची गोळी का दिसली? अमेरिकेत गोळीवर अक्षर-आकड्यांचा ठसा उठवणं नियमाने सक्तीचं आहे. ठसा, रंग आणि आकार मिळून तिथे औषध, त्याची ताकद आणि बनवणारी कंपनी ओळखता येते. नवी जेनेरिक, म्हणजे पेटंट संपल्यावर दुसऱ्या कंपनीने बनवलेली तीच गोळी, मंजूर झाली की तिलाही स्वतःचा वेगळा ठसा घ्यावा लागतो. म्हणून तिथे एक सुटी गोळी हातात घेऊन ती कुठली हे शोधता येतं. आपल्याकडे अशी सक्ती नाही. इथल्या कितीतरी गोळ्या दोन्ही बाजूंनी कोऱ्या असतात, आणि एखाद्या कंपनीने अक्षरं उठवली तरी ती अमेरिकेतल्या यादीशी जुळवून बनवलेली नसतात. तुम्ही इथली गोळी तिथल्या यादीत शोधली, योगायोगाने अक्षरं जुळली, बाकी काही नाही. तो शोध विसरून जा.

म्हणजे आपल्याकडे ओळख गोळीला नाही, स्ट्रिपला आहे. स्ट्रिपमधून निघालेली गोळी तीस वर्षं दुकानात बसलेल्या फार्मासिस्टलाही खात्रीने सांगता येणार नाही. तेव्हा मायला म्हणावं, गोळ्या काढून सुपारीच्या डब्यात टाकल्या असतील तर त्या वापरू नका. बऱ्याच घरांत असा डबा असतो म्हणून विचारलं. कुठली बीपीची आणि कुठली शुगरची हे अंदाजाने ठरवायचं नाही.

आता ती नऊ रुपयांची स्ट्रिप मागच्या बाजूने चांगल्या उजेडात धरा, किंवा मायकडून फोटो मागवून मोठा करून बघा. ब्रँडचं नाव ठळक रंगात असलं तरी तिकडे लक्ष देऊ नका. त्याच्या वर किंवा खाली औषधाचं मूळ नाव असतं. 2018 पासून नियम आहे की मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा निदान दोन आकार मोठ्या अक्षरात छापायचं. तीन किंवा जास्त औषधांच्या मिश्रणाला आणि जीवनसत्त्वांच्या मिश्रणाला त्यातून सूट आहे. तिथे 'एम्पाग्लिफ्लोझिन टॅबलेट्स' आणि पुढे '10 मिलिग्रॅम' असलं पाहिजे. दोन्ही चिठ्ठीशी अक्षर न् अक्षर जुळवा.

खरी मेख त्यापुढे आहे. नावापुढे 'अँड' असं काही आहे का? ही गोळी लिनाग्लिप्टिनबरोबर मिसळूनही मिळते आणि मेटफॉर्मिनबरोबरही. ब्रँडचं नाव तेच ठेवून शेपटीला 'एम' किंवा 'एल' असं एखादं अक्षर जोडलं की औषध बदललं. समजा आप्पांना मेटफॉर्मिनची वेगळी गोळी चालू आहे आणि दुकानातून चुकून मेटफॉर्मिनवाली मिश्र स्ट्रिप आली, तर मेटफॉर्मिन दुप्पट पोटात जाईल. 'एसआर', 'एक्सआर', 'ईआर' ही अक्षरंही सोडून देऊ नका. ती हळूहळू विरघळणाऱ्या गोळीची खूण आहे. अशी गोळी कुटून, चावून घ्यायची नसते, आणि साध्या गोळीच्या बदल्यात ती आपल्या मनाने चालवायची नसते. या एका अक्षरावरून काउंटरवर गोंधळ होतात ते गर्दीच्या वेळी, आणि बाजाराच्या दिवशी मेडिकलवर गर्दी किती असते ते तुम्हाला सांगायला नको.

पुढे उत्पादकाचं नाव, पत्ता आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो. 'मार्केटेड बाय' एक कंपनी आणि 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' दुसरीच, पत्ता बद्दीचा, सिक्कीमचा नाहीतर उत्तराखंडचा, असं दिसलं तर दचकू नका. नावाजलेल्या कंपन्याही दुसऱ्याच्या कारखान्यातून माल करून घेतात. बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, एक्स्पायरी आणि छापील किंमत ठसठशीत हवी, बोट फिरवलं तर पुसली जाता कामा नये. डाव्या कोपऱ्यात 'आरएक्स' ही खूण आणि लाल रेघ नाहीतर लाल चौकट असेल, तर ते चिठ्ठीशिवाय विकायचं औषध नाही. यातलं काहीच नसेल, उत्पादकाचा पत्ता अर्धवट असेल, नावाच्या स्पेलिंगमध्ये चूक असेल, गोळीवर डाग असतील, ती भुगा होत असेल किंवा फुगवटा फुटलेला असेल, तर ती स्ट्रिप परत करा.

क्यूआर कोडबद्दल बरेच गैरसमज आहेत. 1 ऑगस्ट 2023 पासून सरकारने ठरवलेल्या 300 खपाच्या ब्रँडांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. तो स्कॅन केला की औषधाचं नाव, उत्पादक, बॅच, तारखा आणि परवाना क्रमांक दिसायला हवा. तुमच्या नव्या जेनेरिकवर तो नसेल तर ती नकली ठरत नाही, ती त्या 300 मध्ये नसेल एवढंच. उलट कोड आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. चौकोनी काळे ठिपके कुणीही छापू शकतो. कोडमधून आलेला बॅच नंबर आणि स्ट्रिपवरचा बॅच नंबर एकच आहे का, हे बघितलं तरच त्या स्कॅनला अर्थ.

बिल घ्या. हे पाठ करून ठेवा. गावच्या दुकानात ओळखीवर, वहीत मांडून व्यवहार चालतो, ते मला ठाऊक आहे. पण बिलावर औषधाचं नाव, बॅच आणि एक्स्पायरी नसेल तर उद्या तक्रार कशाच्या जोरावर करणार? पाच गोळ्यांसाठी स्ट्रिप कापून दिली, तर कापलेला तुकडा नावाचा की एक्स्पायरीचा ते बघा. दुकानदाराला म्हणा, एका मिनिटासाठी आख्खी स्ट्रिप द्या, फोटो काढतो. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

भावाचं एक गौडबंगालही सांगून ठेवतो. काही जेनेरिक स्ट्रिपवर छापील किंमत चढी ठेवतात आणि काउंटरवर 'तुमच्यासाठी' म्हणून मोठी सूट देतात. गिऱ्हाईक खूश, दुकानदार त्याहून खूश. तेव्हा सुटीचे टक्के मोजू नका, एका गोळीला पडलेले रुपये मोजा. स्ट्रिप दहाची आहे की चौदा-पंधराची, तेही बघून भागाकार करा. पंतप्रधान जनऔषधी केंद्रात औषध मूळ नावानेच मागायचं असतं. 'जनऔषधी सुगम' या अॅपवर ते औषध यादीत आहे का, किती रुपयांना आहे आणि जवळचं केंद्र कुठे आहे, हे घरबसल्या दिसतं. गावाहून जळगाव-धुळ्याची चक्कर मारण्याआधी ते बघा.

तुमच्या मेडिकलवाल्याने चूक केली का? नाही. चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असता तर नियमाप्रमाणे त्याला तो परस्पर बदलता आला नसता, आतलं औषध तेच असलं तरी. इथे डॉक्टरांनी मूळ नाव लिहिलं, म्हणून कुठल्या कंपनीची द्यायची हे त्याच्या हातात आलं. फक्त देताना त्याने दोन वाक्यं बोलायला हवी होती: ही तीच गोळी आहे, जुनी बंद करून हीच घ्या. ते न बोलल्यामुळे आप्पांचे सहा दिवस गेले, याचा राग मलाही येतो.

आता या औषधाविषयी, कारण आप्पा शेतात जाणारे दिसतात. ही गोळी जादा साखर लघवीवाटे बाहेर काढते. त्यामुळे शुगर आटोक्यात असतानाही लघवीच्या तपासणीत साखर भरपूर दिसते. गावात कुणी तो रिपोर्ट बघून म्हणेल, 'बघा, लघवीत साखर आली, गोळी खोटी.' गोळी काम करते आहे म्हणूनही ती येते. आप्पांची साखर रक्तातच बघायची: घरच्या मशीनवर पहिले दोन आठवडे अधूनमधून, आणि साधारण तीन महिन्यांनी एचबीए1सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी. जुन्या गोळीवर जेवढं होतं त्याच्या आसपास राहिलं, तर नवी गोळी खरी की खोटी हा वाद आप्पा स्वतःच मिटवतील.

साखरेबरोबर पाणीही जातं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. केळीच्या बागेत नाहीतर कपाशीच्या रानात दिवसभर राबणाऱ्याला, त्यात बीपीची लघवी होणारी गोळी चालू असेल तर, उठताना अंधारी येऊ शकते. पाणी किती प्यायचं, बीपीची गोळी कमी करायची का, हे उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा. ताप, उलट्या, जुलाब झाले, जेवण सुटलं, कडक उपास धरला किंवा ऑपरेशन ठरलं, तर ही गोळी बहुधा काही दिवस थांबवावी लागते, तेव्हा लगेच डॉक्टरांना कळवायचं. मळमळ, पोटदुखी, धाप लागणं असं झालं तर मशीनवर साखर फार चढलेली नसली तरी थेट दवाखाना गाठायचा. रक्तात आम्ल वाढण्याचा हा धोका क्वचित घडणारा आहे, पण घरात नुसती साखर बघून बसून राहिलात तर तो निसटतो. जांघेत खाज, बुरशी हा त्रास मात्र बऱ्याच जणांना होतो. यातलं सगळं साठ रुपयांच्या गोळीलाही लागू होतं, तेव्हा काही झालं की नव्या स्ट्रिपवर खापर फोडू नका.

मायची सोय कशी करायची? तिला रंग आठवतो, ही तिची खोट नाही, आजवर तिने त्याच हिशोबावर सगळं बिनचूक दिलं. पण इथून पुढे दर महिन्याला रंग बदलू शकतो. गोळी स्ट्रिपमध्येच राहू द्या आणि जाड मार्करने स्ट्रिपच्या पाठीवर खूण काढा: सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चांदणी. बॅच आणि एक्स्पायरी झाकू नका. नवी स्ट्रिप घरात आली की जुन्या गोळ्यांना हात लावण्याआधी माय तुम्हाला व्हिडिओ कॉल करेल, तुम्ही नाव वाचाल, मग खूण. सगळ्या चालू स्ट्रिपांचा एक फोटो आप्पांच्या मोबाइलमध्ये ठेवा. रात्री-बेरात्री सिव्हिलला न्यावं लागलं तर 'कुठल्या गोळ्या चालू आहेत?' याला 'एक पांढरी आणि एक पिवळी' हे उत्तर कामाचं नाही.

उरलेल्या चार जुन्या गोळ्या, एक्स्पायरी झाली नसेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर, आधी संपवा. मग नवी. एका दिवशी एकच.

इतकं सगळं बघूनही शंका राहिली, तर स्ट्रिप आणि बिल जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा. टोल फ्री क्रमांक 1800-222-365. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत त्यांची कार्यालयं आहेत. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 26 प्रमाणे ग्राहकाला फी भरून सरकारी विश्लेषकाकडून औषध तपासून घेता येतं. हा हक्क फार कमी लोक वापरतात. केंद्रीय औषध नियंत्रक दर महिन्याला तपासणीत नापास झालेल्या औषधांची यादी बॅच नंबरसह जाहीर करतात. त्यात मोठ्या नावांच्या कंपन्याही सापडतात आणि छोट्याही. गोळीमुळे काही त्रास झाला असं वाटलं, तर तो नोंदवायला वेगळा क्रमांक आहे: 1800-180-3024.

राहिली मायची थायरॉइडची गोळी. ती बदलू नका. एक तर ती मुळातच स्वस्त आहे, बदलून महिन्याला चहाचे पैसेही वाचणार नाहीत. दुसरं, थायरॉइड, फिट्स, रक्त पातळ करणारी वॉरफरिन, मानसिक आजारातलं लिथियम या औषधांत मात्रेचा जरासा फरकही शरीराला जाणवतो. तिथे जेनेरिक वाईट असं नाही, पण जी एका कंपनीची चालू आहे तीच चालू ठेवायची. दर महिन्याला दुकानात असेल ती, हे तिथे चालत नाही. काही कारणाने बदलावीच लागली तर डॉक्टरांना सांगून बदला आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. ही गोळी उष्णता आणि दमट हवा सोसत नाही. घरावर पत्रे असतील तर बाटली फळीवर किंवा चुलीजवळच्या कोनाड्यात नको. घरातल्या सगळ्यात गार खोलीत, जमिनीलगतच्या कपाटात ठेवा, झाकण घट्ट लावून.